मेंदूच्या कोणत्या आजारात रेडिओसर्जरी करावी, आणि कोणत्यात नाही

साताऱ्याहून एका मुलाने आपल्या आईबद्दल विचारले आहे. आईचे वय ६१. उजव्या कानाने दोन वर्षांपासून कमी ऐकू येते, कानात सतत शिट्टी वाजल्यासारखे होते, अंधारात चालताना तोल जातो. एमआरआयमध्ये उजव्या कानाच्या नसेवर १.८ सेंटिमीटरची गाठ दिसली असून अहवालात ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ असे लिहिले आहे. एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे गॅमा नाइफ करा म्हणतात, म्हणजे कवटी न उघडता बाहेरून नेमके किरण देण्याची ‘रेडिओसर्जरी’ करणारे यंत्र. नातेवाईक म्हणतात, रेडिएशन दिले की साध्या गाठीचा कॅन्सर होतो. शिवाय वडिलांच्या हाताला कंप आहे आणि भाचीला फिट्स येतात, त्यांनाही याच यंत्राचा उपयोग होईल का, असेही विचारले आहे.

आधी उत्तर देतो, कारणे नंतर. तुमच्या आईंची गाठ रेडिओसर्जरीला योग्य आहे, पण पुढच्या आठवड्यात काही केलेच पाहिजे अशी ती नाही. वडिलांच्या कंपासाठी हा उपचार अस्तित्वात आहे, पण तो पहिला नाही आणि दुसराही नाही. भाचीच्या बाबतीत, नुसते ‘फिट्स येतात’ एवढ्यावरून रेडिओसर्जरीचे नाव काढण्याचे काहीच कारण नाही. एकाच घरातल्या तिघांना तीन वेगळी उत्तरे मिळतात, कारण हा निर्णय यंत्रावरून होत नाही. आजार काय आहे आणि तो किती काळ थांबू शकतो, यावरून होतो. रेडिओसर्जरीचा परिणाम यायला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. ज्या रुग्णाकडे तेवढा वेळ आहे त्याला ती वरदान ठरते. ज्याच्याकडे नाही, त्याला ती सुचवणे हा अन्याय आहे. मी कवटी उघडून ऑपरेशनेही करतो आणि रेडिओसर्जरीही करतो, त्यामुळे यातल्या कुठल्याही एका बाजूची वकिली मला करायची नाही.

ही पद्धत कशी सुरू झाली ते कळले तर पुढचे बरेच सोपे होईल. स्टॉकहोमचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ‘स्टीरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी’ ही कल्पना मांडली. त्या काळी मेंदूच्या खोल भागात हात घालणे रुग्णाच्या जिवावर बेतायचे. डोक्याला पक्की चौकट बसवायची, मेंदूतल्या लक्ष्याची जागा त्या चौकटीच्या मापांत काढायची आणि बाहेरून किरण नेमके तिथे आणायचे, असा त्यांचा विचार होता. सुरुवात त्यांनी क्ष-किरणांनी केली. पुढे उप्सालाचे भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्याबरोबर प्रोटॉन किरण वापरून पाहिले, आणि शेवटी कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूवर ते स्थिरावले. पहिले गॅमा नाइफ १९६७-६८ च्या सुमारास तयार झाले, त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते. लेक्सेल यांचा मूळ रोख गाठींवर नव्हता. असह्य वेदना, कंप आणि काही मानसिक आजार यांच्यासाठी मेंदूतला एक अतिशय छोटा बिंदू निकामी करावा, हा त्यांचा हेतू होता. सीटी आणि एमआरआय यायचे होते, तेव्हा गाठ दिसणार तरी कशी? पुढे चित्रे स्पष्ट होत गेली आणि हे यंत्र मुख्यतः गाठींसाठी आणि रक्तवाहिन्यांच्या गुंत्यांसाठी वापरले जाऊ लागले. म्हणजे तुमच्या वडिलांचा प्रश्न या उपचाराच्या मूळ हेतूला आईंच्या प्रश्नापेक्षा जवळचा आहे, तरी उत्तर मात्र आईंच्या बाजूने जास्त अनुकूल आहे.

आजच्या गॅमा नाइफमध्ये १९२ स्रोत असतात. प्रत्येकातून निघणारा किरण इतका क्षीण असतो की वाटेतल्या मेंदूला त्याचे फारसे काही होत नाही. हे सगळे किरण एका बिंदूत मिळतात आणि तिथे मात्रा एकदम वाढते. दोन-चार मिलिमीटर बाजूला गेले की ती झपाट्याने खाली येते. किरणांच्या मात्रेचे एकक ग्रे. नेहमीच्या रेडिओथेरपीत रोज साधारण २ ग्रे, असे पाच-सहा आठवडे देतात. श्रवण नसेच्या गाठीला रेडिओसर्जरीत गाठीच्या कडेवर १२ ते १३ ग्रे एकाच बैठकीत दिले जातात आणि गाठीच्या मध्यभागी बहुधा त्याच्या जवळजवळ दुप्पट मात्रा पोचते. म्हणून डॉक्टरांनी ‘बारा ग्रे’ म्हटले की तो आकडा कडेचा, हे लक्षात ठेवा.

गाठ त्या दिवशी जळून जात नाही. रुग्ण बाहेर येतो तेव्हा ती आत गेली होती तशीच असते. किरणांनी पेशींच्या डीएनएला इजा झालेली असते, त्यामुळे पेशी विभागताना मरतात किंवा विभागणेच थांबवतात, आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या हळूहळू आतून जाड होऊन बंद पडतात. खेड्यातल्या माणसाला मी असे सांगतो: झाड कुऱ्हाडीने पाडणे वेगळे आणि खोडाची साल गोल सोलून ठेवणे वेगळे. साल सोललेले झाड उभेच असते, काही दिवस हिरवेही दिसते, पण त्याची वाढ संपलेली असते. रेडिओसर्जरीनंतर ‘गाठ निघाली का?’ असा प्रश्नच नसतो, ‘वाढ थांबली का?’ असा असतो. ज्या घरच्यांना हे आधी नीट सांगितलेले नसते, ते सहा महिन्यांनी एमआरआयवर गाठ पाहून हादरतात आणि फसवले गेल्याची भावना घेऊन फिरतात.

आता आईंकडे येऊ. ही गाठ कॅन्सरची नाही. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातल्या पेशींतून ती निघते आणि ऐकण्याची नस तिला खेटूनच असते, म्हणून पहिली तक्रार बहुधा कानाची येते. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नसही तिथूनच जाते. ऑपरेशनची खरी कसोटी या चेहऱ्याच्या नसेवर असते. गाठ पूर्ण काढण्याच्या नादात ती दुखावली तर चेहरा वाकडा होतो, डोळा मिटत नाही, पाणी पिताना ओघळते. अनुभवी हातांत आणि लहान गाठीत हे कमी होते, पण होते.

तुमच्या आईंपुढे तीन रस्ते आहेत. पहिला, काही न करता ठरावीक अंतराने एमआरआय करत राहणे. दुसरा रेडिओसर्जरी. तिसरा ऑपरेशन. पहिल्या रस्त्याचे नाव तुम्हाला कोणीच घेतले नाही, हे मला खटकले. यातल्या बऱ्याच गाठी वर्षानुवर्षे वाढत नाहीत. नॉर्वेतल्या बर्गन इथे झालेल्या आणि २०२३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुकतेच निदान झालेल्या लहान-मध्यम गाठींचे १०० रुग्ण घेतले होते. निम्म्यांना लगेच रेडिओसर्जरी दिली, निम्म्यांवर नुसती नजर ठेवली. चार वर्षांनी रेडिओसर्जरीच्या गटात गाठी आकसलेल्या होत्या. नजर ठेवलेल्या गटात निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना तोवर कुठलाच उपचार लागला नव्हता. ऐकू येणे आणि रोजच्या जगण्याची प्रत यांत दोन गटांमध्ये फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ मी असा घेतो: गाठ वाढण्याची वाट पाहणे धोक्याचे नाही, पण लगेच उपचार करणे चुकीचेही नाही. वय ६१, गाठ १.८ सेंटिमीटर, लक्षणे दोन वर्षांची, अशा रुग्णाला मी सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायला सांगतो. गाठ वाढलेली दिसली तर रेडिओसर्जरी. ज्यांना डोक्यात गाठ ठेवून सहा महिने झोपच येणार नाही, त्यांना आधी केली तरी माझी हरकत नसते. ती बेचैनी खरी असते आणि निर्णयात तिला जागा आहे.

रेडिओसर्जरीनंतर दहा वर्षांच्या मुदतीत दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्णांत या गाठीची वाढ थांबलेली राहते. चेहरा कायमचा कमजोर होण्याचा धोका आजच्या मात्रेत एक टक्क्याच्या आसपास आहे. पूर्वी तो बराच जास्त होता. सुरुवातीच्या काळात कडेवर १६ ते २० ग्रे देत असत. पुढे मात्रा १२-१३ वर आणली तरी गाठ तेवढीच आटोक्यात राहते आणि नसा वाचतात, हे अनुभवाने कळत गेले. जुन्या मात्रांच्या काळातल्या गोष्टी ऐकून घाबरलेले लोक अजून भेटतात.

कानाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे. गेलेले ऐकू येणे परत येत नाही. शिट्टी बहुधा तशीच राहते. तोल सुधारायला फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम जास्त उपयोगी पडतात. आज कानाने कामापुरते ऐकू येत असेल तर ते पाच वर्षांनी टिकण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास असते आणि पुढे आणखी घटत जाते. आपण गाठ थांबवतो, कान दुरुस्त करत नाही. हे आईंना स्वतःला समजले पाहिजे, कारण उपचार नीट होऊनही ‘काही फरकच पडला नाही’ असे म्हणणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांची अपेक्षा कानाचीच असते.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा. रेडिओसर्जरीनंतर सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान यातल्या बऱ्याच गाठी तात्पुरत्या फुगतात. मधला भाग मरतो, सूज येते, आणि अहवालावर ‘गाठ वाढली’ असे उमटते. उपचार फसला समजून याच टप्प्यावर घाईने ऑपरेशन झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. बहुतेक गाठी पुढच्या वर्षभरात पुन्हा आकसतात. लक्षणे गंभीर नसतील तर निदान दोन-तीन वर्षांचे एमआरआय ओळीने पाहिल्याशिवाय अपयशाचा शिक्का मारू नये. खरेच अपयश आले तर नंतरचे ऑपरेशन थोडे अवघड होते, कारण गाठ आजूबाजूच्या नसांना चिकटलेली असते. ही किंमत आधीच माहीत असलेली बरी.

ऑपरेशन कधी चांगले? गाठ तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, मेंदूच्या देठावर दाब असेल, मेंदूत पाणी साठत असेल, चालणे झपाट्याने बिघडत असेल, तर रेडिओसर्जरीची वाट पाहायला वेळ नसतो. शिवाय आधीच दाटी असलेल्या जागेत ती तात्पुरती सूज परवडत नाही. मोठ्या गाठीत आजकाल बरेच सर्जन चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला पातळ थर मुद्दाम मागे ठेवतात आणि तो वाढला तर त्यावर रेडिओसर्जरी देतात. निदानाबद्दल शंका असेल तरीही ऑपरेशनला वजन येते, कारण रेडिओसर्जरीत तपासायला तुकडा मिळत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत एमआरआयचे चित्र नेहमीचे असेल तर ही शंका फारशी राहत नाही.

कॅन्सरच्या भीतीबद्दल. ती अगदीच निराधार नाही. किरणांनी कॅन्सर होऊ शकतो आणि साधी गाठ घातक झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पण ती अत्यंत विरळ आहेत. २०१९ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात, साध्या गाठी आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी गॅमा नाइफ झालेल्या जवळजवळ पाच हजार रुग्णांचा किमान पाच वर्षे मागोवा घेतला होता. त्यांच्यात मेंदूचा कॅन्सर होण्याचे प्रमाण सर्वसामान्य लोकांइतकेच निघाले. ६१ वर्षांच्या बाईंसाठी हा धोका भूल आणि ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा खूपच लहान आहे. लहान मुलांत आणि जन्मजात जनुकीय दोषामुळे दोन्ही कानांत गाठी होणाऱ्यांत मात्र मी जास्त सावध असतो.

वेळेचा मुद्दा सर्वांत तीव्रपणे समोर येतो तो मेंदूतल्या धमनी-शिरांच्या गुंत्यात. डॉक्टर त्याला एव्हीएम म्हणतात. धमनीतले जोराचे रक्त मधल्या केशवाहिन्या न लागता थेट शिरेत घुसते आणि कधीतरी तो गुंता फुटतो. रुग्ण पुष्कळदा विशी-तिशीतला असतो. लहान गुंत्यावर रेडिओसर्जरी केली तर वाहिन्यांच्या भिंती आतून जाड होत जातात आणि दोन-तीन वर्षांत दहापैकी सात-आठ रुग्णांत गुंता पूर्ण बंद होतो. तो बंद होईपर्यंत फुटण्याचा धोका तसाच राहतो, ढोबळमानाने वर्षाला दोन ते चार टक्के. आधी एकदा फुटला असेल तर अधिक. या मधल्या काळात रुग्णाला काहीही होत नसते. नोकरी सुरू असते, लग्न ठरते, आणि तपासणी राहून जाते. माझ्या मते रेडिओसर्जरीतली सर्वांत मोठी चूक रुग्णालयाच्या दाराबाहेर होते. ‘डॉक्टर, मला बरे वाटते, म्हणून आलो नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. एमआरआयवर गुंता दिसेनासा झाला तरी खात्रीसाठी अँजिओग्राफी करावी लागते. अर्धवट बंद झालेला गुंता निम्मा सुरक्षित नसतो, तो फुटू शकणारा गुंताच असतो. कधीच न फुटलेल्या एव्हीएमला हात लावावा की नाही, हाही प्रश्न खुला आहे. २०१४ सालच्या ‘अरुबा’ चाचणीत पहिल्या काही वर्षांत नुसत्या औषधांवर ठेवलेले रुग्ण जास्त सुखरूप राहिले. त्या चाचणीवर वाद पुष्कळ झाले, पण तिने आम्हाला घाई न करायला शिकवले.

चेहऱ्याच्या चमकेबद्दल थोडे, कारण लेक्सेल यांनी अगदी सुरुवातीला क्ष-किरण वापरले ते याच आजारात. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात गालावरून वारा गेला, दात घासले, घास चावला तरी विजेचा झटका बसल्यासारखी कळ उठते. निदान होण्याआधी दोन-तीन चांगले दात काढून झालेले रुग्ण नेहमी येतात. पहिला उपचार कार्बामाझेपिनच्या गोळ्यांचा. त्या पुरेशा नसतील किंवा सोसत नसतील आणि रुग्ण भूल सोसू शकत असेल, तर नसेवर दाबणारी रक्तवाहिनी बाजूला करण्याचे ऑपरेशन सर्वांत टिकाऊ ठरते. वय झालेले, हृदयाचा त्रास असलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेले जे रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी रेडिओसर्जरी. इथे मात्रा ८० ग्रेच्या आसपास असते, पण ती नसेच्या मुळावर चार मिलिमीटरच्या बिंदूत. आराम यायला काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत लागतात, तोवर गोळ्या सोडायच्या नाहीत. बहुतेकांना चांगला आराम पडतो. काही वर्षांनी साधारण निम्म्यांत दुखणे कमी-अधिक परत येते, आणि काहींचा गाल बधिर राहतो. त्या कळेत दिवस काढलेला रुग्ण ही बधिरता आनंदाने पत्करतो, पण ती पत्करायची की नाही हे त्याला आधी विचारलेले असावे.

शरीरात इतरत्र असलेला कॅन्सर मेंदूत पसरला असेल तर रेडिओसर्जरीचे स्थान आज पक्के आहे. पूर्वी अशा प्रत्येकाच्या पूर्ण मेंदूला रेडिएशन दिले जायचे आणि स्मरणशक्ती ढासळायची. आता मोजक्या, लहान गाठी असतील तर त्या एकेक टिपता येतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या मोठ्या अभ्यासात पाच ते दहा गाठी असलेले रुग्ण दोन ते चार गाठी असलेल्यांइतकेच जगले. दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला साधारण २० ते २४ ग्रे देतात. गाठ मोठी तशी मात्रा कमी, कारण आजूबाजूचा मेंदू मरून सूज येण्याचा धोका वाढतो.

याच्या उलट, मेंदूतच उगवणाऱ्या ग्लायोब्लास्टोमा या घातक कॅन्सरमध्ये सुरुवातीच्या उपचारात रेडिओसर्जरीची भर घातल्याने आयुष्य वाढत नाही. अमेरिकेत यावर नीट चाचणी झाली आणि २००४ साली निकाल आला. त्या आजाराच्या पेशी एमआरआयवर दिसणाऱ्या कडेच्या बऱ्याच बाहेर पसरलेल्या असतात, मग मिलिमीटरचा नेमकेपणा काय कामाचा? तरीही घरचे लोक शेत विकून गॅमा नाइफसाठी येतात, कारण कोणीतरी ‘लेटेस्ट मशीन’ असे सांगितलेले असते. ऑपरेशन, सहा आठवड्यांची रेडिओथेरपी आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध हा प्रस्थापित उपचार सोडून किंवा लांबवून हे करू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन तयार करणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीत ऑपरेशननंतर उरलेल्या भागासाठी रेडिओसर्जरी चांगली. डोळ्यांच्या नसा जवळ असतात आणि त्यांना ८ ते १० ग्रेपेक्षा जास्त सोसत नाही, म्हणून गाठ आणि नस यांच्यात काही मिलिमीटरची फट लागते. नंतर आयुष्यभर हार्मोन तपासत राहावे लागते. मेंदूच्या आवरणाच्या लहान गाठी, विशेषतः कवटीच्या तळाशी नसांच्या दाटीत बसलेल्या मेनिंजिओमा, हेही तिचे उत्तम क्षेत्र आहे.

आता वडील. आधी कंप कसला ते ठरवावे लागेल. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो आणि हालचाली मंदावल्या आहेत, तर पार्किन्सन्सची शंका. पेला उचलताना, सही करताना थरथरतो, घरात आणखी कोणाला तसेच आहे, तर ‘इसेन्शियल ट्रेमर’ची. औषधे दोन्हींची वेगळी आहेत आणि बहुतेकांचे त्यावर भागते. औषधे थकली की मेंदूत तार बसवण्याचे ऑपरेशन येते. त्याचा फायदा असा, की करंट बाहेरून कमी-जास्त करता येतो, नको झाला तर बंद करता येतो. गॅमा नाइफने मेंदूच्या खोल भागातल्या थॅलॅमसमधल्या एका बिंदूवर १३० ग्रे किंवा अधिक देऊन कंप कमी करता येतो, पण परिणाम दिसायला महिने लागतात, झालेली गोष्ट मागे घेता येत नाही, आणि काही थोड्या रुग्णांत अपेक्षेपेक्षा मोठा भाग सुजून हात-पाय कमजोर होतात. म्हणून मी ती अशा रुग्णासाठी राखून ठेवतो ज्याला कवटीला छिद्र पाडणे धोक्याचे आहे आणि कंपामुळे स्वतःच्या हाताने जेवताही येत नाही. ‘फोकस्ड अल्ट्रासाउंड’ हा वेगळा उपचार आहे, त्यात किरणोत्सर्ग नसतो. ध्वनिलहरींच्या उष्णतेने तोच बिंदू जाळतात आणि परिणाम टेबलावरच दिसतो. जाहिरातींत या दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून सांगितले.

भाचीच्या फिट्स: साधारण दोन-तृतीयांश रुग्णांच्या फिट्स योग्य गोळ्यांनी आटोक्यात येतात. दोन औषधे नीट मात्रेत घेऊनही येत राहिल्या तर व्हिडिओ-ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद) आणि खास एमआरआय करून फिट नेमकी कुठून सुरू होते ते शोधतात. ती जागा कानशिलाच्या आतल्या भागात सापडली तर ऑपरेशन सर्वांत गुणकारी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रोझ’ चाचणीत दोन ते तीन वर्षांनंतरच्या काळात ऑपरेशन झालेल्यांपैकी ७८ टक्के आणि रेडिओसर्जरी झालेल्यांपैकी ५२ टक्के रुग्ण फिट्समुक्त होते. शिवाय किरणांचा परिणाम येईपर्यंत वर्षभर फिट्स सुरू राहतात, आणि प्रत्येक फिटमध्ये पडण्याचा, बुडण्याचा, भाजण्याचा धोका असतोच. हायपोथॅलॅमसमधल्या हामार्टोमासारख्या खोल जागच्या गाठीमुळे फिट्स येत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे रेडिओसर्जरीचा विचार होतो.

इतर सगळे उपचार हरलेल्या तीव्र ओसीडीतही (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) गॅमा नाइफचा उपयोग जगात काही मोजक्या ठिकाणी होतो. आपल्याकडे मानसिक आजारासाठी मेंदूवर अशी प्रक्रिया करायची तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे रुग्णाची स्वतःची संमती आणि त्या कायद्याखालच्या मंडळाची परवानगी लागते. ते योग्यच आहे.

यंत्र कुठले, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचाराल. भारतात गॅमा नाइफ १९९७ पासून आहे. मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीचे एम्स ही सुरुवातीची केंद्रे. लिनॅक यंत्रांवरही, म्हणजे कोबाल्टऐवजी विजेवर क्ष-किरण तयार करणाऱ्या रेडिओथेरपीच्या यंत्रांवरही, रेडिओसर्जरी होते. सायबरनाइफ हा त्याचाच यांत्रिक हातावर बसवलेला प्रकार, तो स्टॅनफर्डच्या जॉन अॅडलर यांनी तयार केला. अॅडलर तरुणपणी लेक्सेल यांच्याकडे शिकून आले होते. श्रवण नसेच्या गाठीत अनुभवी चमूच्या हातात या सर्वांचे निकाल चांगले आहेत. यंत्राच्या नावापेक्षा तिथे तुमच्या आजाराचे किती रुग्ण होतात, आराखडा न्यूरोसर्जन, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आणि भौतिकतज्ज्ञ मिळून तपासतात का, आणि आतल्या कानाच्या शंखाला किती मात्रा जाईल, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला आकडा मिळाला पाहिजे. तो ४ ग्रेच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो, विशेषतः कान अजून कामाचा असेल तर. कोबाल्ट जुना झाला म्हणून घाबरू नका. त्याची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते, त्यामुळे जुन्या स्रोतावर जास्त वेळ झोपावे लागते, मात्रा कमी पडत नाही.

प्रत्यक्ष दिवस असा जातो. सकाळी कपाळावर आणि मागे चार ठिकाणी जागा बधिर करून डोक्याला चौकट बसवतात. इंजेक्शनची आग होते, मग काही मिनिटे डोके आवळल्यासारखे वाटते आणि ते ओसरते. मग चौकटीसह एमआरआय, मग आराखडा, आणि त्यात दोन-तीन तास नुसते बसून काढावे लागतात. उपचार गाठीप्रमाणे अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत चालतो. दुखत नाही, आवाज येत नाही, रुग्ण जागा असतो आणि बाहेरच्यांशी बोलू शकतो. केस कापत नाहीत, गळतही नाहीत. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. नव्या यंत्रांत चौकटीऐवजी मास्कवरही काम होते. पेसमेकर असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधीच सांगा, कारण एमआरआय आणि त्यातल्या इंजेक्शनची तयारी वेगळी करावी लागते.

तुम्ही आत्ता करायचे ते एवढेच. आईंचा ताजा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढा, शब्द किती समजतात ही चाचणीही त्यात करून घ्या. एमआरआयचा कागदी अहवाल पुरत नाही, सीडी जपून ठेवा, कारण सहा महिन्यांनी जुन्या आणि नव्या चित्रांची मापे शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतील. या मधल्या काळात गाल बधिर होऊ लागला, डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या, चालताना पाय फाकवून टाकावे लागू लागले किंवा ऐकू येणे एकाएकी गेले, तर सहा महिने थांबू नका, त्याच आठवड्यात न्यूरोसर्जनला दाखवा. दोन्ही डॉक्टरांना पुन्हा भेटाल तेव्हा नुसती फाइल घेऊन जाऊ नका, आईंना सोबत न्या. त्या चालतात कशा, कोणत्या कानाने फोन घेतात, गाठीला जास्त घाबरतात की ऑपरेशनला, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नसते आणि त्याशिवाय निर्णय करता येत नाही.